दहावा प्रश्न

प्रभावती सकाळी गेली आणि दुपारी सोपानरावांनी पेपरच्या कार्यालयात फोन करून निधनवार्ता सांगितली.

"वय बावन्न. काय करायच्या त्या?" पलीकडून विचारलं.

"गृहिणी," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी विद्यापीठातली एक मुलगी प्रभावतीची फाइल घेऊन आली. "काका, मी काकूंच्या वर्गातली. पत्रकारिता आणि जनसंपर्क. पेपरात नुसतं गृहिणी छापलंय. पहिल्या वर्षी त्या वर्गात दुसऱ्या आल्या होत्या."

समाचाराला आलेल्या शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. बायको शिवणक्लासला जाते, असंच सोपानरावांनी कॉलनीत दीड वर्षं सांगितलं होतं. या वयात कॉलेज म्हटलं की लोक हसतील, ही त्यांची भीती.

फाइलमध्ये परीक्षेसाठीची मुलाखत होती, 'एका निवृत्त एसटी कंडक्टरची'. प्रश्न दहा, उत्तरांच्या जागा कोऱ्या. महिनाभर प्रभावती त्यांच्या मागे लागली होती, "अर्धा तास बसा ना माझ्यासमोर."

"तीस वर्षं समोरच तर बसलोय," म्हणत त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

तेरावं झाल्यावर ते फाइल घेऊन बसले. पहिली ड्यूटी, घाटात बंद पडलेली गाडी, गाडीतच झालेलं एक बाळंतपण, सगळं आठवून लिहिलं. नऊ उत्तरं झाली.

दहावा प्रश्न होता, 'तुमची बायको काय शिकते, हे तुम्ही कुणाला सांगितलंय का?'

उत्तर एका शब्दाचं आहे. ते अजून लिहायचं राहिलंय.