चार तास आठ मिनिटं

"झालं ना मॅडम?" कारकुनाने तिसऱ्यांदा विचारलं. पाकीट, डिंक, शिक्का, सगळं मांडून तो तयार बसला होता.

फाइल तयार झाली होती. रेकॉर्डिस्टने सवयीप्रमाणे तिचं शेवटचं टोक ऐकायला घेतलं. गिरणीच्या वॉचमनचा आवाज होता, "दार बाहेरून..." पुढे काहीच नाही.

चार तास आठ मिनिटं. आगीच्या चौकशीची सुनावणी तर चार तास पन्नास मिनिटं चालली होती.

एरवी ती गाणी रेकॉर्ड करायची. पाच-सहा मिनिटांचा मामला. चार जीबी भरले की फाइल तिथेच संपते आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही, हे तिने नुसतं ऐकलं होतं. गाठ आज पडली.

"मूळ रेकॉर्डिंग पूर्ण आहे, पण फायलीत शेवटची बेचाळीस मिनिटं आलीच नाहीत. दोन फायली कराव्या लागतील."

"दोन कशा चालतील? यादीत एका सुनावणीपुढे एकच फाइल आहे. साहेब सही करून गेलेसुद्धा." त्याने घड्याळाकडे पाहिलं. चार वीस. "पाचला गाडी निघते. चार तास काय थोडे झाले? शेवटी शेवटी सगळे तेच तेच सांगत होते."

"शेवटी कोण होतं?"

"वॉचमन. मग ती पॅकिंगची बाई, बहीण गेली ना तिची आगीत." त्याचा आवाज जरा खाली आला. "बाहेर बाकावर बसलीय. जा म्हटलं तरी हलत नाही."

रेकॉर्डिस्टने खुर्ची पुढे ओढली. दोन माइकचे दोन ट्रॅक होते. ते एकात मिसळले तर फाइल निम्मी होणार होती. आवाज सपाट होईल, पण शब्द सगळे येतील. तिने बटण दाबलं. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. चार तीस. चार एक्केचाळीस. पंखा मधेच घरघरला तेव्हा दोघांनीही दचकून दिव्याकडे पाहिलं. वीज गेली नव्हती, दिवा चालू होता.

चार एक्कावन्नला पट्टी भरली.

दारातून आवाज आला, "ताई, माझं आलं का त्यात?"

रेकॉर्डिस्टने हेडफोन त्या बाकावरच्या बाईच्या कानांवर ठेवले आणि फाइल शेवटाकडे नेली. बाई उभ्यानेच ऐकत राहिली. स्वतःच्याच शब्दांबरोबर तिचे ओठ हलत होते. कारकून पाकीट हातात घेऊन उठला आणि तसाच टेबलापाशी थांबला.

बाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "सगळं आहे," ती म्हणाली. मग पाकिटाकडे पाहत विचारलं, "आणि पुढे कोणी मधलं काढून टाकलं तर?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

रेकॉर्डिस्टने फाइल उतरवून दिलेला पेन ड्राइव्ह कारकुनाने पाकिटात टाकला. डिंक लावला. शिक्का उचलला आणि परत खाली ठेवला. खिशातून स्वतःचं पेन काढून तो पाकिटावर लिहू लागला: एकूण अवधी, चार तास, पन्नास मिनिटं...

खाली आपली सही करण्याआधी त्याने मान वर केली.

"मॅडम, पन्नास मिनिटांवर सेकंद किती?"