मधल्या तुळईखाली

सगळे देवाकडे बघत होते आणि आबा छताकडे.

देऊळ उघडून आठच दिवस झाले होते. दारातल्या पाटीवर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं, म्हणजे आबांच्या जावयाचं. सुट्टी बघून तो बायको-मुलीसह सासू-सासऱ्यांना मुद्दाम गाडीतून घेऊन आला होता. आजी त्या पाटीपुढे हात जोडून इतका वेळ उभ्या राहिल्या की मागच्यांना वाटलं, देव तिथेच आहे.

आबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं होतं. हातातली थापी सुटली, पण नजर सुटली नव्हती. सभामंडपाच्या मधल्या तुळईवर ती अडकली. बाकीच्या तुळयांवरचा रंग लोण्यासारखा गुळगुळीत. हिच्यावर मात्र मधोमध हातभर खरबरीत पट्टा, ब्रशचे फटकारे दिसणारा. कुणीतरी घाईघाईनं वर चढून मारलेला. आणि बरोबर त्याच्याखाली, ऐन मंडपात, सात-आठ मोठाल्या कुंड्यांचं गोल रिंगण.

"जावईबापू, या कुंड्या अशा मधे का?"

"शोभेला, आबा."

"शोभेच्या कुंड्या भिंतीला लावतात. वाटेत ठेवतात ती आडकाठी."

जावई हसला. "तुमची सवय काही जात नाही."

"स्लॅबखालचे टेकू एकवीस दिवस ठेवले होते ना?"

"ठेवले ना!"

प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर आलं. आबांना उत्तरापेक्षा त्याची घाई खटकली. उद्घाटनाची तारीख दोनदा अलीकडे ओढली होती, हे लेकीनंच कौतुकानं फोनवर सांगितलं होतं. टेकू लवकर काढले की तुळईला तडा जातो; आबांच्या मनात पाल चुकचुकली.

लेक हातात फुलांचं ताट घेऊन उभी होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, पुरे ना. आमच्या घरातही पहिल्या दिवशी तुम्ही भिंती ठोकत फिरलात. इथे तरी नका. या देवळापायी तीन महिने धड झोपले नाहीत हे."

"झोप का लागत नव्हती, ते विचारलंस?"

लेकीचा चेहरा उतरला. आजी फणकारल्या, "यांच्यापुढे देव येऊन उभा राहिला, तरी हे आधी ओळंबा लावून बघतील, सरळ आहे का ते!"

आबा मागे सरले. भिंतीला टेकून बसले. कदाचित आपलंच चुकत असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. जावई शिकलेला, दहा इमारती उभ्या केलेला. आपण दुसऱ्यानं काढलेल्या रेघेवर विटा रचणारे. लेकीचा सोन्यासारखा संसार, त्यात आपण कशाला मिठाचा खडा टाकायचा? पण डोळे ऐकेनात. ते पुन्हा पुन्हा वर जात होते, आणि दर वेळी त्यांना दिसत होतं की जावयाचे डोळेही तिकडेच जातायत.

आरतीची वेळ झाली. माणसं आत येतच होती. पुजाऱ्यानं गाभाऱ्यातून हाक दिली, "पुढे सरका, मंडळी! त्या कुंड्या उचला बघू, मधे पुष्कळ जागा आहे."

दोघा-चौघांनी कुंड्या उचलून बाजूला नेल्या. जावई एकदम पुढे झाला, तोंडही उघडलं त्यानं. पण तेवढ्यात एका वृद्ध गृहस्थांनी त्याचे हात धरले. "साहेब, काय देऊळ बांधलंत! डोळ्यांचं पारणं फिटलं." त्याला हसावं लागलं, नमस्कार करावा लागला. तोवर मोकळ्या झालेल्या जागेत पोरासोरांची झुंबड उडाली. मांडी घालून, एकमेकांना ढोसत, वीसेक मुलं बसली. आजीचं बोट सोडून नातही धावली आणि त्यांच्यात जाऊन बसली.

"छकुले! तिथे नको!"

जावयाचा आवाज इतका मोठा होता की घंटा वाजवणाऱ्याचा हात थांबला. माणसांना बाजूला सारत तो घुसला, मुलीला काखेत धरून उचललं आणि भिंतीशी आणून आबांच्या शेजारी बसवलं. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"मला तिथे बसायचंय, बाबा! सगळे बसलेत."

"इथूनही छान दिसतं."

"इथून खांब दिसतो नुसता!"

कुणीतरी हसलं. घंटा पुन्हा सुरू झाली. आबांनी जावयाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. आयुष्यभर आबांना आपलं खरं ठरलं की बरं वाटायचं. आज पहिल्यांदा वाटलं, खोटे ठरलो असतो तर किती बरं झालं असतं. गुडघ्यावर हात टेकून ते उठू लागले.

पण लेक त्यांच्या आधी पुढे झाली होती. ती इतका वेळ नवऱ्याकडेच बघत होती.

"तुम्ही हिलाच का उचललंत?" तिनं हळूच विचारलं.

"अगं, घरी बोलू. लोक बघतायत."

"बाकीच्यांना का नाही?"

त्याची नजर वर तुळईकडे गेली. तिनं फुलांचं ताट आईच्या हातात दिलं, गर्दीतून वाट काढत मधल्या तुळईखाली गेली, वाकली आणि सगळ्यांत जवळच्या मुलाचा हात धरला.

"ऊठ, बाळा. तूही ऊठ. चला, सगळ्यांनी बाहेर चला."