केदूशेटचा व्यायाम

माझ्या तालमीत नियम एकच. आधी फावड्यानं आखाड्याची माती खणायची, मगच लंगोट लावायचा. नाशकातल्या भांडीबाजारातल्या केदूशेटनं दोन दिवस खणली. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या दुकानातला हमाल कोंडाजी दारात उभा.

"शेटला सवड नाय, वस्ताद. त्यांच्या वाटची माती खणाया मला धाडलंय."

माझं डोकंच फिरलं. दिवसभर डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या माणसाला सवड होती आणि गादीवर बसणाऱ्याला नव्हती. तरी कोंडाजीकडून रोज माती खणून घेतली. मग जोर-बैठका काढून घेतल्या, डाव शिकवले.

वर्षानं नागपंचमीला शेट नवा फेटा बांधून, फोटोवाल्याला घेऊन आले. पोट त्यांच्या आधी आत शिरलं.

"वस्ताद, वर्षभर माझ्या नावानं माती खणली गेलीय. आता कुस्ती खेळतानाचा एक फोटो हवा, दुकानात लावायला. जोडीला कोण देता?"

मी कोंडाजीला हाक मारली. तो लंगोट लावून मातीत उतरला.

"शेट, तुमचा वर्षभराचा व्यायाम ह्याच्या अंगात साठलाय," मी म्हणालो. "उतरा, आणि तेवढा काढून घ्या."