तसली

पडद्यावर येशूची शिष्या मग्दालीया मरीया कमरेत लचकली आणि साधनाबाईंनी नाकाला पदर लावला.

लालभडक ओठ, पायात घुंगरू, भोवती दात विचकणारे शिपाई. ईस्टरला दाखवायचा सिनेमा आधी जाणत्या माणसांनी पाहून घ्यावा, म्हणून दुलीचंद पाळकांनी बालाघाटच्या चर्चच्या हॉलमध्ये दोनचार जणांना बसवलं होतं. संडे स्कूलमध्ये मुलांना बायबल शिकवण्यात जन्म घालवलेल्या साधनाबाई त्यात होत्याच. त्यांना मोटारसायकलवर घेऊन आलेला त्यांचा मुलगा अश्विन मागं बसला होता.

“बंद करा हे, पास्टर. मले ओकारी येऊन राह्यली.”

पाळक गडबडले. “बाई, ती तसलीच होती ना. हर पिक्चरमध्ये असंच दाखवतात.”

“तसली म्हंजे? कोणत्या शुभवर्तमानात लिवलं आहे, सांगा. तिच्यातून भुतं निघाली, एवढंच लिवलं आहे. पेत्रानं येशूची ओळख नाकारली, ही क्रुसापाशी उभी राह्यली. कबरीवर सगळ्यांच्या आधी ही गेली. अन् तुम्ही तिले नाचवता?”

“पण सारे म्हणतात...”

“उचलली जीभ, लावली टाळूले. सारे म्हणतात म्हणून बाई वाईट होते काय?”

पाळकांनी प्रोजेक्टर बंद केला. मागं बसलेल्या अश्विनला मात्र आईचे पाय धरावेसे वाटले. राखीशी लग्न करायचं आहे, हे घरी सांगणं तो किती दिवस टाळत होता. राखीच्या घरचे बौद्ध. “पळून येणार नाही. तुझ्या आईनं बोलावलं तरच येईन,” असं तिनं बजावलं होतं. आईनं नाही म्हटलं की विषय संपला.

बाहेर आल्यावर साधनाबाई रस्त्याच्या कडेला थुंकल्या. “किळस आली बाप्पा. भल्या बाईचं नाव असं चिखलात लोळवायचं, अन् वरून भक्ती म्हणायचं.”

लोखंड तापलं होतं. अश्विननं मोटारसायकलची किल्ली उगाच फिरवली.

“आई, लग्नाचं बोलायचं होतं. पोरगी पाहिली मी. पण बौद्ध आहे.”

तो आता मान खाली घालून बोलणी खायला तयार झाला. बाई हसल्या.

“मंग? त्याच्यात घाबरायचं काय? देव मनातलं पाहते. चर्चात यायची जबरदस्ती मी नाही करणार तिच्यावर.”

अश्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी आई शोधून सापडायची नाही.

“कोणाची पोरगी आहे?” त्यांनी मायेनं विचारलं.

“बिरसा गावच्या दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी असते ना तिची, राखी.”

साधनाबाईंचा हात पदराकडे गेला. नाकाला पदर लावून त्या म्हणाल्या, “ती? अरे, ती तर तसली आहे. सारे म्हणतात.”