बेल्ट लावलेला होता

ताईने चेपलेल्या दारातून आत हात घातला आणि सीटवरच्या काचा पदराच्या टोकाने बाजूला सारल्या.

मिस्त्री मागे उभा होता, हात पुसायचं फडकं उगाचच पिळत. अपघाताची गाडी त्याच्याच गॅरेजच्या आवारात आणून टाकली होती. भाच्याच्या वस्तू मी काढून घरी आणतो, तू येऊ नकोस, असं त्याने बहिणीला परोपरीने सांगून पाहिलं होतं. माझ्या लेकाचं आहे, मीच काढीन, एवढंच ती म्हणाली आणि आली.

पाण्याची बाटली निघाली. एक काडी मोडलेला गॉगल निघाला. एक बूट निघाला. त्याचा जोडीदार तिने सीटखाली वाकवाकून शोधला, तो काही मिळाला नाही. मग तिचा हात थांबला.

"अरे, इकडे ये जरा."

ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट खटक्यात बसलेला होता. ताईने पट्टा ओढून पाहिला, खटका हलवून पाहिला. पक्का होता.

"बेल्ट लावला होता त्याने," ती म्हणाली.

पोरगा गेल्यापासून घरात हाच एक विषय होता. आल्यागेल्यासमोर, जेवणाच्या पानावर, भाऊजींचं, ताईच्या नवऱ्याचं, एकच पालुपद: बेल्ट लावला नसणार त्याने, कधी ऐकलंय त्याने कुणाचं? ताई खाली मान घालून ते सोसायची, कारण तिच्याजवळ उत्तर नव्हतं. आता सापडलं होतं. तिचा चेहरा असा काही निवला, की मिस्त्रीला तिकडे बघवेना.

"बेल्ट लावूनही गेला म्हणजे देवानेच नेला रे. त्याची काही चूक नव्हती. हो ना?"

मिस्त्रीने पट्ट्याकडे पाहिलं. धडकेत ज्याने माणूस धरून ठेवला, तो पट्टा असा नसतो. तो ताण खाऊन लोंबतो, त्याच्या कडा घासून चकाकतात. हा दुकानातून आणल्यासारखा कोरा होता, सीटच्या पाठीला सपाट चिकटलेला. भाचा त्याच्या आत कधी बसलाच नव्हता. त्याच्यावर पाठ टेकून बसायचा.

ही युक्ती मिस्त्रीचीच. बेल्ट लावला नाही की गाडी जी टिंगटिंग लावते, तिला गॅरेजात सगळे सासूबाई म्हणत. सासूबाईंनी डोकं उठवलंय, म्हणत गिऱ्हाईक यायचं. मिस्त्री रिकाम्या सीटवरच पट्टा खटक्यात अडकवून द्यायचा. आता खुशाल टेकून बसा, म्हणायचा, जन्मात बोलणार नाहीत. भाचा नवी गाडी दाखवायला आला, तेव्हा मामाने कौतुकाने त्यालाही तेच करून दिलं. पोरगं केवढं हसलं होतं. मामा, आता आईचंही काहीतरी कर, म्हणालं होतं. रोज दारात उभी राहून बेल्ट लाव, बेल्ट लाव करत असते.

"हो ना रे?" ताईने पुन्हा विचारलं.

"हो," मिस्त्री म्हणाला. "त्याची चूक नव्हती."

तिने बाटली, गॉगल आणि बूट पिशवीत भरले. मला आधी घरी सोड, म्हणाली, यांना सांगायचंय. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कसलीतरी घाई झाली होती.

मिस्त्रीने आपल्या गाडीच्या पुढच्या सीटवरची जड बॅटरी उचलून मागे टाकली, सीट झटकली. ताई पिशवी मांडीवर घेऊन बसली. त्याने गाडी सुरू केली. बेल्ट ओढायला तिचा हात खांद्याकडे गेला, आणि तेव्हा कुठे मिस्त्रीच्या ध्यानात आलं.

पट्टा निघेना. ताईने पुन्हा ओढला. मग बोटांनी चाचपत चाचपत ती पाठीमागून खाली आली, कमरेपाशी खटक्यापर्यंत. तिथे बोटं थांबली.

"हाही लावलेलाच आहे," ती म्हणाली.

"इथे बॅटरी ठेवतो ना, ताई. तिचं वजन गाडीला माणसासारखंच लागतं, मग वाजत बसते, म्हणून..."

ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीतून भिंतीशी पडलेल्या गाडीकडे बघत होती. मग तिने खटक्याचं लाल बटण दाबलं. पट्टा सरसरत वर गेला, आणि टिंगटिंग सुरू झाली.

"लाव ना बेल्ट, ताई."

"चल तू."

घर जवळच होतं. थोडा वेळ ओरडून गप्प बसणाऱ्यांतली ती गाडी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी आवाज आणखी जलद झाला. काचा खाली होत्या, माणसं वळून बघू लागली. मिस्त्रीने दोनदा बहिणीकडे पाहिलं. ती बूट पिशवीतून काढून मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याची सुटलेली नाडी बांधत होती.

दारात भाऊजी उभे होते. मिस्त्रीने गाडी थांबवली आणि किल्लीकडे हात नेला. ताईने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांनाही ऐकू दे."