दारातली कॉन्टेसा

सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं.

"बघा दाजी, परत तेच," महेंद्र म्हणाला. गॉगल डोक्यावर, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

संपतनं पान्यांची पेटी खाली ठेवली. हा सहावा रविवार. शिरूरच्या एसटी डेपोमागं त्याचं गॅरेज, तिथून घर दहा मिनिटं. आणि महेंद्रची कॉन्टेसा बंद पडायची ती नेमकी घराच्या दारात. मग संपतची बायको पूनम शेजारून फोन करायची, अन् गॅरेजजवळचा बूथवाला म्हाळू अख्ख्या डेपोला ऐकू जाईल असा ओरडायचा, "संपत, मेव्हणा आलाय रं तुझा! पळ!"

मेव्हणा कसला. पूनमच्या माहेरचा, दौंडला तिच्याच आळीतला, एवढंच. कारेगावच्या कंपनीत सुपरवायझर. दर रविवारी दौंडला जायचा, जाताना पूनमला तिच्या आईकडं धाडायची असलेली पिशवी न्यायला थांबायचा.

गाडी एकोणनव्वदची, पण अठराशेचं इंजिन, पाच गिअर. नगर रोडला तिच्यापुढं कुणी जात नव्हतं. संपत सोळा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलेला, स्वतःची लूना. त्यात पूनम लग्नाला नेसावी तशी हिरवी साडी नेसून दारात उभी.

"व्हईल का वो चालू?" तिनं विचारलं.

"तुला का एवढी घाई?"

"मला कसली घाई?" म्हणाली अन् आत गेली.

रविवारी ही साडी. इतर दिवशी गाऊन. 

आई, धुरपदाबाई, गाडीच्या सावलीत पोतं टाकून बसलेली. दर रविवारी तिथंच. तिच्या बोटाला काळं लागलेलं बघून संपत खेकसला, "परत चोरून मिश्री? डॉक्टरनं दिवाळीत बंद केली ना?"

"एकदाच लावली रं," म्हातारीनं बोट पदराला पुसलं. संपतचा बाप ट्रॅक्टर दुरुस्त करायचा तेव्हा ती पाने हातात द्यायची. कुठला पाना ते सांगावं लागायचं नाही.

संपतनं बॉनेट उघडलं. आतली दांडी कधीच तुटलेली, पुढच्या जाळीतून बोट घातलं की उघडायचं. पाच रविवार त्यानं सगळं करून पाहिलेलं. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले. इंजिन तापल्यावर बंद पडतंय म्हणून न्हावऱ्यापर्यंत दामटवली. कुठं काही नाही. सगळ्या वायरी काढून, पुसून परत लावल्या की गाडी चालू. कशानं, ते कळत नव्हतं.

आज त्यानं एकही वायर काढली नाही. नुसती बोटं फिरवली. कॉइलची जाड वायर रबरी टोपीत नीट बसल्यासारखी दिसत होती. दाबली तर टक्कन आत गेली.

"मार सेल्फ."

पहिल्या फटक्याला चालू.

संपत वाकलेलाच राहिला. ही वायर आपोआप वर येत नाही. कुणीतरी ओढतं. टोपी तशीच ठेवून, बेतानं, बघणाऱ्याला कळू नये अशी. म्हणजे साहेब गाडी स्वतःच बंद पाडतात अन् माझ्या घरात दोन तास बसून चहा पितात!

"काय व्हतं दाजी?"

"काय न्हाई. हादऱ्यानं वायर ढिली व्हतीय."

तो हसलाही. आत मात्र पाना घेऊन याचं थोबाड फोडावं असं वाटत होतं. पण फोडून काय, गावभर तमाशा. त्यापेक्षा बहाणाच काढून घ्यायचा.

त्यानं वायर क्लिपनं आवळली. बॉनेटला साखळी घातली, जाड कुलूप लावलं.

"रस्त्यात बॉनेट उडंल एखाद दिवशी. चावी माझ्याकडं राहू दे. गाडी मीच बघतो ना."

"तुम्ही म्हणाल तसं," महेंद्र म्हणाला.

पूनमनं पिशवी याही वेळी दिली नाही. "लोणचं गळतंय, पुढच्या रविवारी देते," म्हणाली. आई कुलपाकडं बघत होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिनं, पण पूनम समोर होती.

पुढच्या रविवारी म्हाळू ओरडला नाही. साडेअकराला न्हावरे रस्त्याकडं वळताना कॉन्टेसा दिसली. गॅरेजपुढून झूऽम करून गेली. काचांना काळी फिल्म, आतलं काही दिसलं नाही. संपतनं मुद्दाम हात वर केला. आतून कुणी केला नाही.

"जळला साला," संपत खूश होऊन पुटपुटला. बस की आता चहा पीत!

जेवायला तो शीळ घालत घरी आला. येताना पूनमसाठी पाव किलो जिलेबी घेतली. आठवडाभर तिच्याशी नीट बोलला नव्हता.

आई उंबऱ्यावर बसलेली. बोट आज स्वच्छ होतं.

"पूनम कुठंय गं?"

आईनं त्याच्या कंबरेला अडकवलेल्या बॉनेटच्या चावीकडं बघितलं.

"सा आयतवार ती वायर उपसून थोपवून धरली व्हती रं मी पूनमला," ती म्हणाली. "कुलूप कशापायी लावलंस, संपा?"