फॉर्म घेतच नाही

"मी नाव देणार होतो गं, पण तुमचा फॉर्म घेतच नाही," लिफ्टमध्ये ओड्वारकाका कुरकुरले.

नॉर्वेतल्या बर्गनमधल्या आमच्या सोसायटीच्या वसंत-सफाईला तीन वर्षं कुणी फिरकलं नव्हतं. कारण प्रत्येकाचं हेच. सत्तरीच्या टोरुनबाई एकट्याच कुंपण रंगवायच्या, आणि यंदा त्यांची पाठ धरली होती.

समितीचा नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मी सांभाळते; रविवारी बसून त्यातली चूक शोधली. आमच्या घरांचे नंबर 'एच'ने सुरू होतात, आणि त्या रकान्यात फॉर्म फक्त आकडे घेत होता. एक ओळ बदलली, खाली फलकावर चिठ्ठी लावली: फॉर्म दुरुस्त झाला आहे.

आठवडाभरात एकही नाव आलं नाही.

 

पुन्हा लिफ्टमध्ये ओड्वारकाका. बुटांकडे बघत म्हणाले, "बरा बिघडलेला होता की. तुला दुरुस्त करायला सांगितलं कुणी?"